कोल इंडियाचे शेअर नंतर, आधी ती पॉलिसी परत करा

प्रश्न : वेकोलिच्या (कोल इंडियाच्या वेस्टर्न कोलफिल्ड्स या उपकंपनीच्या) वणी क्षेत्रातून डंपर ऑपरेटर म्हणून साठाव्या वर्षी निवृत्त झालो. सगळे मिळून 42 लाख आले. त्यातल्या 15 लाखांचे कोल इंडियाचे शेअर घ्यावेत म्हणतो; वर्षाला दीड लाख तरी लाभांश येईल. मुलगा म्हणतो, कोळशाचे दिवस भरले, शिवाय कंपनीने प्रदूषण फार केले. कोणाचे बरोबर? (5 लाख बँकेतल्या साहेबांच्या सांगण्यावरून एफडीसारख्या विमा योजनेत एकदाच भरलेत. कागद दहा दिवसांपूर्वी आले, सोबत जोडलेत.)

उत्तर : एकदाच नाही. कागदावर स्पष्ट छापलंय : वार्षिक हप्ता 5 लाख, हप्ते 10 वर्षे, मुदत 15 वर्षे. म्हणजे एकूण 50 लाख भरायचे, आणि तुमच्याकडे उरलेत 37. पंचाहत्तरीत 80 लाख मिळणार, म्हणजे वर्षाला जेमतेम साडेचार टक्के. पगार थांबलेल्या माणसाच्या गळ्यात दहा वर्षांचा हप्ता बांधणं ही सरळ फसवणूक आहे.

सुदैवाने पॉलिसी मिळाल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते. कागद आधी ईमेलवर आले असतील, तर मुदत त्या तारखेपासून धरली जाईल. आजच ईमेल तपासा. अर्ज बँकेत नको, थेट विमा कंपनीच्या शाखेत द्या. सोबत मूळ पॉलिसी आणि रद्द केलेला चेक जोडा, आणि पोचपावतीवर तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. मुद्रांक शुल्क आणि झालेल्या दिवसांचं विमाशुल्क वजा होऊन बाकी पैसे परत मिळतील. ‘एक वर्ष चालू ठेवा, मग बघू’ असा फोन येईल. ऐकू नका.

आता शेअर. 2024-25 चा लाभांश शेअरमागे 26.50 रुपये होता. भाव 400 धरला तर 15 लाखांत 3,750 शेअर, म्हणजे वर्षाला लाखभर रुपये. दीड लाख विसरा. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 8.2 टक्क्यांनी तेवढेच पैसे 1 लाख 23 हजार देतात, आणि मुद्दल हलत नाही. 2010 मध्ये 245 ला विकलेला हा शेअर 2020 मध्ये 120 च्याही खाली होता.

धंदा संपलेला नाही. 2024-25 मध्ये कंपनीचा 78 कोटी टन कोळसा निघाला आणि बहुतेक वीजकेंद्रांकडे गेला. पण मुलाचं म्हणणं हिशेबातही उतरतं. टनामागे अडीच घनमीटर ओबी, म्हणजे कोळशावरची माती आणि दगड, उपसावी लागते. तुम्ही ती डंपरमधून वाहिलीत, ढिगारे कुठवर आलेत ते मी सांगायला नको. खाण खोल गेली की हा खर्च वाढतो. खाण बंद करताना जमीन पूर्ववत करण्याचे पैसे एस्क्रो खात्यात, म्हणजे त्याच कामासाठी राखून ठेवलेल्या खात्यात, टाकावे लागतात. झारखंडमधल्या झरियाच्या कोळसाखाणींतली आग शंभरहून अधिक वर्षं धुमसतेय. चंद्रपूर 2009 मध्येच अतिप्रदूषित यादीत गेलं. ही देणी आज ना उद्या भागधारकांच्याच खिशातून जाणार. शिवाय 63 टक्के मालकी सरकारची, त्यामुळे लाभांश किती हे सरकारची गरजही ठरवते.

तुमची वैद्यकीय योजना याच कंपनीकडे, त्यात बचतही तिथेच कशाला? पेन्शन महागाईप्रमाणे वाढत नाही, म्हणून 30 लाख त्या बचत योजनेत टाका : दर तिमाहीला 61,500. पॉलिसीचे 5 लाख आले की ते दवाखान्यासाठी एफडीत. उरलेल्या 7 लाखांतले 5 इंडेक्स फंडात (शेअर निर्देशांकातल्या सगळ्या कंपन्यांत पैसे विभागणारा म्युच्युअल फंड), सात वर्षं हात लावायचा नसेल तरच. कोल इंडियाचे शेअर घ्यायचेच असतील तर लाखभराचे, बाकीचे बचत खात्यात.