शुगर आहे, बीपी आहे. पाठीचं ऑपरेशन झेपेल का?

"मॅडम, मला शुगर आहे, बीपी आहे. भूल दिली आणि उठलेच नाही तर?" कण्याचा बाक सुधारण्याच्या मोठ्या शस्त्रक्रियेआधी माझ्याकडे येणारे बहुतेक जण हेच विचारतात. परवा विचारलं ते 67 वर्षांच्या एका काकूंनी (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत). चालताना कंबरेतून पुढे झुकत, थोडं चाललं की कशाला तरी टेकावंच लागे. सर्जननी पाठीच्या मधल्या मणक्यांपासून ओटीपोटाच्या हाडापर्यंत स्क्रू आणि सळ्या घालाव्या लागतील, असं सांगितलं होतं. म्हणजे कित्येक तासांचं काम, रक्तस्रावही बराच.

मुलाने आजारांची यादी आणली होती: मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड. यादी बरोबर होती, पण अपुरी. रक्तदाब आणि थायरॉइड गोळ्यांनी आटोक्यात होते, हृदयाचा इकोही ठीक होता. भुलीची भीती खोटी नाही, पण काकूंचा खरा धोका दुसरीकडे होता.

मी विचारलं, "अलीकडे कधी पडलात?" दोन वर्षांपूर्वी घरातच पाय घसरून मनगट मोडलं होतं. "ते तर बरं झालं," मुलगा म्हणाला. बरं झालं खरं, पण उभ्या उंचीवरून पडून हाड मोडतं तेव्हा ठिसूळपणाची शंका घ्यावीच लागते. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत टी-स्कोअर (निरोगी तरुण हाडांशी तुलना करणारा आकडा) उणे 2.9 आला, उणे 2.5 किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, धरतात. अशा हाडात स्क्रूची पकड सुटू शकते, किंवा सळी जिथे संपते त्याच्या वरचा मणका खचून पाठ पुन्हा वाकते. मग दुसरं ऑपरेशन!

"आणखी काही?" यावर काकू गप्प, सून मात्र म्हणाली, "तंबाखू सांगा ना." "तो काय आजार आहे का?" आजार नसला तरी निकोटिनमुळे ऑपरेशननंतर मणके एकमेकांशी जुळून येण्यात अडथळा येतो, जखमही उशिरा भरते. धूर निघत नाही म्हणून चघळायची तंबाखू निरुपद्रवी ठरत नाही. काही सर्जन तर निकोटिनची चाचणी करूनच तारीख देतात.

एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी चाचणी, 9.1 होतं. ते साधारण साडेसात-आठच्या खाली आणायला सांगतात, कारण साखर चढी असेल तर जखमेत जंतुसंसर्गाची शक्यता वाढते. हिमोग्लोबिनही कमी होतं. शिवाय हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठणं त्यांना जमेना. वय किती यापेक्षा शरीर किती खचलंय, याला मी जास्त महत्त्व देते.

मुलगा वैतागला. "म्हणजे ऑपरेशन नाहीच?" तसं नाही. अशा शस्त्रक्रियांच्या, नीट पाठपुरावा केलेल्या एका मोठ्या अभ्यासात दोन वर्षांत निम्म्याहून अधिक रुग्णांना काही ना काही गुंतागुंत झाली होती, आणि त्यातल्या अनेकांना तरीही फायदा झाला. हा आकडा मी लपवत नाही. पण काकूंच्या धोक्यांतले बहुतेक बदलण्यासारखे होते. पार्किन्सन्स (कंपवात) असता तर मी इतक्या सहज बोलले नसते. त्यात पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं.

सर्जननी तारीख पुढे ढकलली. हाडं बळकट करणारी इंजेक्शनं काही महिने, तंबाखू बंद, लोह, प्रथिनं, पायांचे व्यायाम. तंबाखू सोडणं सगळ्यात जड गेलं; काकू चिडचिड करायच्या, सुनेशी दोन दिवस बोलल्या नाहीत. ऑपरेशन करायचं की नाही हे अजून ठरलेलं नाही. व्यायामाने दुखणं थोडं कमी झालंय, म्हणून त्या स्वतःच आता घाई करत नाहीत.

ही सवड प्रत्येकाला मिळतेच असं नाही. पायांतली ताकद कमी होत असेल किंवा लघवी-शौचावरचा ताबा जात असेल, तर शुगर आटोक्यात यायची वाट बघू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.