घरात वाद झाला की छाती धडधडते, श्वास पुरत नाही, बोटांना मुंग्या येतात. ईसीजी नॉर्मल आहे. हे काय असेल?

तुम्ही सांगताय ते पॅनिक अटॅकशी, म्हणजे अचानक येणाऱ्या तीव्र भीतीच्या झटक्याशी, अगदी जुळतं. तरी टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी), हिमोग्लोबिन आणि साखर एकदा तपासून घ्या. थायरॉईड वाढलं तरी अशीच धडधड होते. आणि छाती आवळल्यासारखी दुखली, कळ जबड्यात किंवा हातात गेली, जिना चढताना वाढली, तर पॅनिक म्हणून किंवा गॅस म्हणून बसू नका, 108 ला फोन करा. जुना ईसीजी त्या वेळी कामाचा नाही.

आता मुंग्यांबद्दल. घाबरल्यावर श्वास भराभर होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि त्यातून ओठ-बोटांना मुंग्या, गरगर, कधी बोटं आखडून वाकडी होणं, हे सगळं येतं. म्हणजे हवा कमी पडलेली नसते, जास्त झालेली असते. घरचे मात्र पाठ चोळत 'मोठा श्वास घे' म्हणतात. नेमकं तेच नको.

टेकून बसा, एक हात पोटावर. नाकाने 4 आकडे होईपर्यंत हलकासा श्वास, छाती न फुगवता. मग गरम चहावर फुंकर घालतो तसा 6 आकड्यांत सोडा. मिनिटाला 6 श्वास झाले, असं 5 मिनिटं. सुरुवातीला गुदमरल्यासारखं होईल, मध्येच मोठा श्वास ओढावासा वाटेल. तेव्हा आवंढा गिळा. याची सवय बरं असताना रोज 10 मिनिटं करायची, नाहीतर ऐन वेळी आकडेही आठवत नाहीत. कागदी पिशवीत श्वास घेणं टाळा. दमा किंवा हृदयविकार असेल तर ते धोक्याचं आहे.

घड्याळ समोर ठेवा. झटका साधारण 10 मिनिटांत टोकाला जातो आणि बहुतेकदा अर्ध्या तासात ओसरतो. 'चक्कर येऊन पडेन' ही भीती सहसा खरी ठरत नाही, कारण शुद्ध हरपायला रक्तदाब उतरावा लागतो आणि घाबरल्यावर तो बहुधा चढलेला असतो.

खरी गोची नंतर होते. झटका येईल म्हणून माणूस वादच टाळतो, गप्प बसतो, एकटं बाहेर पडत नाही. मग मेंदूची खात्रीच पटते की धोका होता. त्यापेक्षा 'दहा मिनिटांनी बोलू' म्हणा, आणि दहा मिनिटांनी खरंच परत या.

झटके पुन्हा येत असतील किंवा 'परत येईल का' हीच धास्ती महिनाभर टिकली, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. सीबीटीचा, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या समुपदेशनाचा, चांगला उपयोग होतो. एसएसआरआय गटातल्या (चिंता-नैराश्यावरच्या) गोळ्यांचा गुण दिसायला काही आठवडे लागतात, आणि पहिल्या आठवड्यात बेचैनी थोडी वाढूही शकते. बरेच जण तिथेच गोळी सोडतात. न सोडता डॉक्टरांना फोन करा. अल्प्राझोलाम ही झोप-चिंतेवरची गोळी लगेच शांत करते, पण सवय लागते. शेजाऱ्याच्या पाकिटातली घेऊ नका. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, 14416. फोन मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.