मामांच्या छातीतली गाठ: सरळ कापून का टाकत नाहीत?

तुम्ही लिहिलंय की मामांना तीन महिने टीबीच्या गोळ्या देऊन फरक नाही, सीबीनॅट (टीबीच्या जंतूची जनुकीय तपासणी) निगेटिव्ह, सीटीमध्ये गाठ बरगडीपर्यंत गेलेली, आणि आता छातीवर फोड फुटून पू वाहतोय. सर्जनना अ‍ॅक्टिनोमायकोसिसची (अ‍ॅक्टिनोमायसिस नावाच्या जंतूमुळे होणाऱ्या आजाराची) शंका आहे, मग ते आधी बायोप्सीच का मागतात, असा तुमचा प्रश्न.

सर्जनचं बरोबर आहे. मी छातीच्या शस्त्रक्रियाच करत आलोय, तरी सांगतो: या आजारात मुख्य औषध पेनिसिलिन, सुरी नंतर. हा जंतू म्हणजे बुरशी नव्हे, बॅक्टेरिया. आपल्या तोंडातच राहतो, म्हणून थुंकीत सापडला तरी त्यावरून काही ठरत नाही. फुफ्फुसात रुजला की फुफ्फुसाच्या पाळ्यांमधल्या (मोठ्या भागांमधल्या) सीमा, बरगड्या काही जुमानत नाही. त्यामुळे कधी टीबी, कधी कॅन्सर वाटतो, आणि कॅन्सर समजून अख्खी पाळी काढल्यावर पॅथॉलॉजीचा रिपोर्ट या आजाराचा येतो, असंही होतं.

खरी मेख नमुन्यात आहे. बायोप्सीचा सगळा तुकडा फॉर्मलिनमध्ये (नमुना टिकवणाऱ्या द्रावात) गेला की जंतू मेले, कल्चर (लॅबमध्ये जंतू वाढवून ओळखणं) संपलं. एक तुकडा फॉर्मलिनमध्ये, दुसरा निर्जंतुक सलाईनमध्ये, हे आधीच बोलून घ्या. पू स्वॅबवर नको; सिरिंजमध्ये ओढून, हवा काढून, लगेच लॅबमध्ये. फॉर्मवर 'अ‍ॅनेरोबिक (ऑक्सिजनविना) कल्चर, दोन-तीन आठवडे ठेवा' असं लिहायला सांगा, नाहीतर प्लेट दोन दिवसांत फेकली जाते. टीबीची तपासणीही त्याच तुकड्यावर पुन्हा करा. तोवर टीबीच्या गोळ्या मनाने बंद करू नका.

फोडावर रात्रभर कोरडी गॉज ठेवली तर सकाळी कधीकधी तिच्यावर रव्यासारखे पिवळसर कण दिसतात. ती गॉज तशीच लॅबला द्या. कण दोन काचांमध्ये चिरडून ग्रॅम स्टेन (जंतू रंगवून पाहण्याची पद्धत) केला की निळ्या-जांभळ्या बारीक तंतूंचा गुंता दिसतो. सौम्य अ‍ॅसिड वापरून केलेल्या झेडएन स्टेनमध्ये (टीबीसाठी वापरतात त्या रंगात) तंतू लाल राहिले तर संशय नोकार्डिया या दुसऱ्या जंतूचा. मग औषध बदलतं (को-ट्रायमॉक्साझोल), आणि मेंदूचा स्कॅनही लागतो, कारण तो तिथे पोचतो.

अ‍ॅक्टिनोमायसिस ठरला तर दिवसाला १.८ ते २.४ कोटी युनिट पेनिसिलिन शिरेतून, २ ते ६ आठवडे. पुढे ६ ते १२ महिने गोळ्या. दोन महिन्यांत बरं वाटतं आणि लोक गोळ्या सोडतात, आजार उलटतो तो इथेच.

ऑपरेशन लागतं ते छातीत पू साठला, खोकल्यातून खूप रक्त पडायला लागलं, वाहणारी वाट औषधाने बुजेना, किंवा कॅन्सर नाहीच अशी खात्री होईना, तर. जमलं तर आधी काही आठवडे पेनिसिलिन देऊन मग. ताज्या सुजेत सगळं एकमेकांना चिकटलेलं असतं, रक्त फार जातं.

मामांचे दातही दाखवा, बहुतेक वेळा उगम तिथेच असतो. फक्त डेंटिस्टना सांगून ठेवा की बायोप्सी होईपर्यंत अँटिबायोटिक शक्यतो नको, नाहीतर कल्चरमध्ये काहीच उगवणार नाही.