रोमन कवी व्हर्जिलचे 'एनिड' हे महाकाव्य मूळ लॅटिनमधून वाचायचे आहे. व्याकरण झाले आहे, पण दर ओळीला शब्दकोश उघडावा लागतो. शब्द कसे वाढवावेत?

सीझरच्या गद्यावर तयार झालेला शब्दसंग्रह इथे अपुरा पडतो, कारण महाकाव्याची शब्दकळाच वेगळी आहे. तलवारीला गद्यात 'ग्लादिउस', व्हर्जिलकडे बहुतेकदा 'एन्सिस' (आपल्या 'असि'चा सख्खा भाऊ). समुद्र म्हणजे 'मारे', पण 'पोन्तुस', 'पेलागुस', 'आएक्वोर', अगदी मीठ या अर्थाचा 'साल'सुद्धा. जहाजासाठी नुसता मागचा भाग 'पुप्पिस' किंवा तळ 'कारिना' येतो. म्हणून सुटे शब्द घोकू नका. अमरकोशासारखे समानार्थी गट करा: समुद्र, जहाज, शस्त्रे, मृत्यू, रात्र. माझ्या मते सगळ्यांत जास्त वेळ यातच वाचतो.

नावांचा गट वेगळा ठेवा. ट्रोजन लोक कधी 'तेउक्री', कधी 'दार्दानिदाए'. ग्रीक कधी 'दानाई', कधी 'आर्गीवी'. हे माहीत नसेल तर लढाईत कोण कोणाला मारतोय तेच कळत नाही!

शब्द ऱ्हस्वदीर्घासकट पाठ करा. 'मलुम' म्हणजे वाईट, 'मालुम' म्हणजे सफरचंद; शिवाय वृत्त लघु-गुरूवरच चालते, त्यामुळे ओळ मोठ्याने वाचली की शब्दही लक्षात राहतात.

क्लाइड फार यांची पहिल्या सहा सर्गांची आवृत्ती (1930) जरूर मिळवा. तिच्यात अवघड शब्द त्याच पानावर आहेत आणि वारंवार येणाऱ्यांची यादी शेवटी घडीच्या पानावर. सुरुवात दुसऱ्या सर्गापासून केलीत तरी चालेल, त्यातली ट्रॉयच्या पाडावाची कथा ओळखीची असते.