युद्धाची क्रूरता कळायला इतिहास पुरेसा असताना कथा-कादंबरी कशाला?

तुमचा प्रश्न असा आहे की लढायांच्या तारखा, आकडे, कारणं सगळं इतिहासात मिळतं, मग क्रौर्य समजून घ्यायला काल्पनिक गोष्ट कशाला हवी? लेखक रंगवूनच सांगणार!

रंगवतात, खरं आहे. त्यावर शेवटी येतो. आधी पानिपत, कारण आम्हा ग्वाल्हेरकरांकडे तो विषय चार माणसं जमली की निघतोच. १४ जानेवारी १७६१ ला पराभव झाला आणि पेशव्यांना बातमी लागली ती एका सावकारी पत्रातून. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही, असा त्यातला मजकूर. मोती म्हणजे सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे नामांकित सरदार. खुर्द्यात बाकी सगळे आले: शिपाई, बाजारबुणगे, यात्रेकरू, बायका-मुलं.

इतिहास मोती आणि मोहरांचा हिशेब चोख ठेवतो. राणेखान भिस्ती आपल्याला नावानिशी ठाऊक आहे, कारण त्याने पाय जायबंदी झालेल्या महादजी शिंद्यांना रणातून बाहेर काढलं आणि महादजींनी पुढे त्याला भाऊ मानून मोठं केलं. त्याच्या पखालीचं पाणी एखाद्या साध्या बारगिराने प्यायलं असतं आणि दोघे तिथेच पडले असते, तर ना याचं नाव राहतं ना त्याचं. गोष्ट लिहिणारा या खुर्द्यातलं एकच नाणं उचलतो आणि तुमच्या हातात ठेवतो. एवढंच करतो, पण ते दुसऱ्या कुणाला सहसा जमत नाही.

मी इथे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात मोठ्या वर्गांना हिंदी शिकवतो. चंद्रधर शर्मा गुलेरींची ‘उसने कहा था’ ही १९१५ सालची कथा शिकवताना दरवर्षी एकच गंमत होते (गंमत म्हणायची का, माहीत नाही). पहिलं महायुद्ध, फ्रान्समधल्या खंदकात थंडी आणि चिखल. जमादार लहनासिंह आपली दोन्ही कांबळी आजारी बोधासिंहला पांघरतो, वर आपली जर्सीही त्याला चढवतो, आणि माझ्याकडे दुसरी गरम आहे म्हणून ठोकून देतो. पुढे चकमक होते. याला जबर जखम होते, ती तो लपवतो आणि जखमींच्या गाडीत दुसऱ्यांना बसवून देतो. मग ग्लानीत, समोर भाऊच आहे असं समजून, आंब्याबद्दल बडबडत राहतो. तुझा पुतण्या जन्मला त्याच महिन्यात लावलेलं झाड, आषाढात खूप फळेल, काका-पुतणे तिथेच बसून आंबे खा.

इथे वर्ग गप्प असतो. त्यानंतर शेवटची ओळ येते, वर्तमानपत्रातली यादी: फ्रान्स आणि बेल्जियम, ६८ वी यादी, मैदानात जखमांनी मेला, नं. ७७ सिख रायफल्स, जमादार लहनासिंह. संपलं. पोरं ती ओळ तळटीप समजून सोडून देतात आणि विचारतात, “सर, फिर लहनासिंह का क्या हुआ?” मी काही बोलत नाही, ओळीवर बोट ठेवायला सांगतो.

तुम्ही म्हणता तो आकडा हाच. ६८ व्या यादीच्या आधी सदुसष्ट याद्या लागल्या, आणि प्रत्येकीत नावांची रांग. पण आंब्याचं झाड माहीत झाल्यावर ती रांग पहिल्यासारखी वाचता येत नाही. गुलेरींनी शेवटी स्वतः एक अक्षर हळहळ व्यक्त केलेली नाही, सरकारी कागद पुढे केला. आमच्याकडच्या कित्येक ऐतिहासिक कादंबऱ्या नेमक्या इथे घसरतात. सरदार पडतो आणि पडता पडता दीड पान भाषण करतो. वाचणाऱ्याची छाती फुगते, ‘वा!’ निघतो. ज्या लढाईनंतर वाचकाला घोड्यावर बसावंसं वाटतं ते वर्णन कितीही रक्ताळलेलं असो, मी त्याला क्रौर्याचं वर्णन मानत नाही. तुमचा रंगवण्याचा आक्षेप तिथे शंभर टक्के मान्य.

आणि हो, हे फक्त कल्पितालाच जमतं असंही नाही. विष्णुभट गोडशांचा ‘माझा प्रवास’ ही पाहिलेली हकीकत आहे, छापली गेली १९०७ मध्ये. हा वरसईचा भिक्षुक ब्राह्मण बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल म्हणून निघाला आणि सत्तावनच्या धामधुमीत सापडला. झाशी पडली तेव्हा तो आतच होता. तो स्वतः खुर्द्यातला माणूस, त्यामुळे त्याची नजर तटावरच्या तोफांइतकीच लपलेल्या लोकांच्या तहानेवरही जाते. कादंबरीकाराला जे कल्पनेने मिळवावं लागतं ते याला फुकट मिळालं, अर्थात जिवावर बेतून.

सुरुवात करायची तर गुलेरींपासून करा. कथा छोटी आहे, एका बैठकीत होते, नेटवर सहज मिळते. पंजाबी शब्द अडतील, अडू देत, पुढे वाचत राहा. सुरुवातीचे अमृतसरच्या टांगेवाल्यांचे परिच्छेद मात्र गाळू नका, ते उगाच आलेले नाहीत.