प्रथिनाच्या टक्केवारीवर लगेच भाळू नका

काडावर बुरशी वाढवून प्रथिन मिळवायचंय आणि त्यासाठी गव्हाचं काड घेताय, चांगलं. पण ते तसंच बुरशीपुढे टाकू नका. काडाला कडकपणा देणाऱ्या लिग्निनचं कवच तिला सहजी फुटत नाही. कुट्टी करून सौम्य अल्कलीत भिजवा, धुवा, निर्जंतुक करा.

ओलावा हातानेच कळतो. मूठ घट्ट दाबल्यावर बोटांच्या फटीत पाणी जेमतेम चमकावं. धार लागली तर हवा कोंडते आणि जिवाणू बाजी मारतात. थरही पातळच ठेवा, कारण वाढणारी बुरशी स्वतःच तापते. मी एकदा ट्रे भरगच्च भरला होता: कडेला पांढरीशुभ्र जाळी, मधोमध आंबूस तपकिरी गोळा!

आता खरी गोम. प्रथिन काढायला मोजलेलं नत्र गुणिले 6.25 केलं की आकडा झकास दिसतो. पण त्यात बुरशीला नत्र म्हणून घातलेल्यातला उरलेला युरिया, तिच्या पेशीभित्तिकेतलं कायटिन, न्यूक्लिक आम्लं, अशा प्रथिन नसलेल्या सगळ्यांचं नत्र मोजलं जातं. शिवाय काडातला कर्ब वायू होऊन उडाला, की प्रथिन न वाढताही टक्केवारी चढते. म्हणून सुरुवातीचं आणि शेवटचं कोरडं वजन लिहून ठेवाच. जमलं तर अमिनो आम्लांची तपासणी करून घ्या.

आणि हिरवट-पिवळा परका ठिपका दिसला, तर अख्खा ट्रे फेका. काही परक्या बुरशींचं विष, अफ्लाटॉक्सिन, उकळूनही जात नाही.