पेरलं तर उगवेल का?

वाचकांचे प्रश्न : प्रवास

प्रश्न : बाई, मी ६१ वर्षांची, इंदूरला रामबागेत राहते. माझी मुलगी चिलीत ला सेरेना इथे वेधशाळेत नोकरीला आहे. डिसेंबरमध्ये मी एकटीच तिच्याकडे निघाले आहे. दुबई, साओ पावलो, सांतियागो आणि तिथून देशातलं विमान, असा प्रवास आहे. तिची रात्रपाळी असते, त्यामुळे सांतियागोला घ्यायला येणं जमणार नाही. व्हिसा झाला आहे. स्पॅनिश अजिबात येत नाही. त्या विमानतळावर माझा निभाव लागेल ना? तिकडे हवा विरळ असते म्हणतात, ते खरं का? आणि लेकीने मूग, मेथीदाणे, मोहरी, भाजणी, शेव, लिंबाचं लोणचं आणि बाल्कनीत लावायला कारल्याच्या बिया मागवल्या आहेत. नेऊ का?

उत्तर : ताई, तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेते, कारण सांतियागोला माणसं अडतात ती नेमकी तिथेच.

माझा मुलगा तिथे असल्यामुळे दोनदा जाऊन आले. पहिल्या खेपेला माझ्या बॅगेत दुधी भोपळ्याच्या बिया होत्या, आईच्या जुन्या हातरुमालात बांधलेल्या. चिलीत उतरणाऱ्या प्रत्येकाला एक घोषणापत्र भरावं लागतं. झाडापासून किंवा जनावरापासून झालेलं काही सोबत आहे का, असं त्यात विचारतात. मी ‘हो’ लिहिलं होतं. तपासणीला बसलेल्या मुलीने रुमालाची गाठ सोडली, एक बी तळहातावर घेऊन नखाने दाबून पाहिली, ‘सेमियास’ म्हणाली आणि सगळ्या बिया डब्यात ओतल्या. सेमिया म्हणजे बी. मग तिने रुमाल झटकला, त्याची नीट घडी केली आणि माझ्या हातात दिला. दंड नाही, आवाज चढवणं नाही. माझ्या पुढच्या गृहस्थांच्या खिशात मात्र विमानात मिळालेलं सफरचंद निघालं. त्यांनी ‘नाही’ लिहिलं होतं. त्यांना बाजूच्या टेबलावर नेलं आणि दंड भरायला लावला. एवढ्याशा सफरचंदासाठी!

तर लक्षात ठेवा : वस्तू सांगितली आणि ती चालण्यासारखी नसली, तर फक्त वस्तू जाते. लपवली तर दंड होतो. हातातल्या पर्ससकट सगळं सामान यंत्रातून जातं, वास घेणारे कुत्रेही असतात.

हा निव्वळ त्रास आहे असं कृपा करून समजू नका. मी आयुष्यभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं, म्हणून हे मला मनापासून सांगावंसं वाटतं. चिलीच्या उत्तरेला आताकामाचं वाळवंट, पूर्वेला अँडीज, पश्चिमेला महासागर आणि दक्षिणेला बर्फ. निसर्गानेच चारी बाजूंनी कुंपण घातलेला देश आहे तो. युरोपातल्या द्राक्षमळ्यांचा एकोणिसाव्या शतकात ज्या किडीने धुव्वा उडवला, ती फायलोक्सेरा तिथे पोचलीच नाही. फळमाशीपासून आपण मुक्त झालो, हे त्यांनी १९९५ साली जाहीर केलं. द्राक्षं आणि चेरी जगभर विकून पोट भरणारी माणसं आहेत ती. आणि कुंपण ओलांडून किडा आत येतो तो आपल्यासारख्यांच्या पिशवीतूनच. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्ट खताची पद्धत बसवली ती आपल्या इंदुरात, जगात ती इंदूरच्याच नावाने ओळखली जाते. मातीची काळजी आपल्याला परकी नाही.

बॅग भरताना प्रत्येक पुडी हातात घ्या आणि स्वतःला विचारा : हे पेरलं तर उगवेल का? मूग उगवतील, मेथी उगवेल, मोहरी उगवेल, कारलं तर लावण्यासाठीच मागवलंय. हे चारही घरीच ठेवा. भाजणी भाजून दळलेली आहे, शेव तळलेली आहे. ती दुकानातलीच, बंद पाकिटातली घ्या. लोणचं मोठ्या बॅगेत, झाकणाला चिकटपट्टी लावून. माझी भाजणी आणि शेव दोन्ही वेळा पाहून परत दिली. तरीही तिन्ही गोष्टी घोषणापत्रात लिहायच्याच. खवा, पेढे, मध अजिबात नको. जिरं तिथे कुठल्याही दुकानात ‘कोमिनो’ म्हणून मिळतं, मसूरही मिळते, लेकीचं अडणार नाही.

आता विमानतळ. तुमचं तिकीट ला सेरेनापर्यंतचं असलं, बॅगेला तसा टॅग लावला असला, तरी बॅग सांतियागोलाच घ्यावी लागते. देशात शिरताना पहिल्याच ठिकाणी तपासणी होते. आधी पासपोर्ट, मग पट्ट्यावरून बॅग, मग तपासणी आणि बॅग पुन्हा विमानकंपनीच्या स्वाधीन. परदेशी विमानं दोन नंबरच्या टर्मिनलला येतात, २०२२ मध्ये सुरू झालेली मोठी नवी इमारत आहे. देशातली विमानं जुन्या, एक नंबरच्या टर्मिनलवरून सुटतात. ती शेजारीच आहे, चालत जाता येतं. दोन विमानांमध्ये चार तास तरी ठेवा. पासपोर्टपाशी पावतीसारखा छोटा कागद मिळाला तर जपून ठेवा, परत निघताना मागतात. बाहेर पडताच ‘टॅक्सी, टॅक्सी’ करत लोक अंगावर येतील, त्यांच्याकडे बघूही नका.

पाट्यांवरचे चार शब्द येऊ द्या. एकिपाहे म्हणजे सामान, आदुआना म्हणजे कस्टम्स, सालिदा म्हणजे बाहेर जायची वाट, बान्यो म्हणजे स्वच्छतागृह. आणि आत्ताच विमानकंपनीला फोन करून व्हीलचेअर मागून ठेवा. पाय धड असले तरी मागा. तिचे पैसे पडत नाहीत आणि ती ढकलणारा माणूस तुम्हाला थेट पुढच्या काउंटरपर्यंत पोचवतो. भाषा न येणाऱ्या बाईला याहून मोठा आधार नाही.

विरळ हवेची गोष्ट बोगोता किंवा ला पास अशा खूप उंचावरच्या शहरांची. सांतियागोची उंची साधारण आपल्या इंदूरइतकीच आहे आणि ला सेरेना तर समुद्रकाठी.

एक मात्र आजच करा. ब्राझील हा पीतज्वराच्या, म्हणजे यलो फीवरच्या, देशांच्या आपल्या सरकारी यादीत आहे. तिथून आल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरणाऱ्याकडे लशीचं प्रमाणपत्र मागतात, नसेल तर अलग ठेवू शकतात. विमानतळाबाहेर पाऊल न टाकणाऱ्याला सूट आहे, पण ती आरोग्य अधिकाऱ्याने मान्य करायची असते. ही लस सरकारमान्य केंद्रावरच घ्यावी लागते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं. मात्र साठीनंतर तिचा धोका थोडा वाढतो, म्हणून आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. ते नको म्हणाले तर ब्राझील टाळून दुसऱ्या मार्गाचं तिकीट मिळतं का ते बघा.

ला सेरेनाच्या विमानात उजवीकडची खिडकी मागा. विमान उत्तरेला जातं, त्यामुळे अँडीज तुमच्या बाजूला राहील.